सेक्शनचा सराव: उद्दिष्ट तासांत लिहायचं की निकषांत?

'दोन तास, जखमीला हलवण्याचा सराव.' आठ-दहा जवानांच्या सेक्शनचं उद्दिष्ट असं लिहिणं सोपं. रेंज, गाड्या, प्रशिक्षक यांची वेळ जुळवता येते, वरिष्ठांना अहवालही लगेच जातो. पण दोन तासांनी सेक्शनला काय यायला लागलं, ते या वाक्यातून कळत नाही.

दुसरी तऱ्हा अशी: 'रात्री, पूर्ण किटसह, जखमीचा रक्तस्राव टूर्निकेने (हातापायावर आवळायच्या पट्ट्याने) थांबवून त्याला तीनशे मीटर मागे आणायचं, तोवर चहूकडची सुरक्षा सुटता कामा नये.' यात काम, परिस्थिती आणि निकष तिन्ही आले. अमेरिकी लष्करात उद्दिष्टं याच तीन भागांत लिहितात. सरावानंतर जमलं की नाही, यावर फारसा वाद उरत नाही.

निकषांचा खरा फायदा परिस्थिती बदलताना दिसतो. आधी दिवसा, सपाट जमिनीवर. मग अंधारात, चढावर. मग रेडिओ बंद पाडून. शेवटी सेक्शन कमांडरलाच 'जखमी' करायचं. सूत्रं कोण हातात घेतो, हे तेव्हा कळतं, आणि बऱ्याचदा उत्तर 'कोणीच नाही' असं असतं! निकष मात्र तोच ठेवायचा. परिस्थिती अवघड झाली म्हणून तो सैल केला, तर सगळी मेहनत फुकट.

धोकाही आहे. मोजायला सोपं तेवढंच निकषात शिरतं. घड्याळ लावलं की जवान धावतात आणि आजूबाजूला बघायचं विसरतात. म्हणून वेळेबरोबर सुरक्षा, आदेश, जखमीची स्थिती हेही निकषात हवं.

शिवाय निकष कधी गाठला जाईल, हे आधी सांगता येत नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण-पद्धतीच्या आठ टप्प्यांतला शेवटचा टप्पा 'पुन्हा सराव' हाच आहे, पण वेळापत्रकात त्याला जागा क्वचितच ठेवलेली असते.

शारीरिक तंदुरुस्ती, हत्यारांची देखभाल, नव्या विषयाची तोंडओळख यांना तासांचा हिशेब पुरतो. 'हेतू सांगा, मार्ग त्यांना शोधू द्या' ही तिसरी वाटही आहे, पण मूलभूत ड्रिल (ठरलेल्या कृती) पक्क्या नसलेल्या सेक्शनला ती देऊ नये.

माझा कौल निकषांना, मात्र अर्ध्या दिवसाला एकच उद्दिष्ट. पाच लिहिलीत तर पुन्हा तासच मोजत बसाल. आधी ते काम घ्या, जे चुकलं तर माणूस जातो.