एका डिस्कची वाटणी: विंडोज ११ आणि लिनक्स मिंट, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका हिशेबाच्या ऑफिसातला हा लॅपटॉप. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅम. दिवसा त्यावर टॅली, जीएसटीची रिटर्न्स, डिजिटल सहीचा टोकन आणि मंडळाच्या श्री-लिपीत केलेल्या जुन्या पत्रिका चालतात. संध्याकाळी त्याच मशीनवर कलाभवनात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास. पहिल्या कामाला विंडोज सोडता येत नाही, दुसऱ्याला लिनक्स कितीतरी सोयीचं. म्हणून एकाच डिस्कवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२. मिंटची ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

नऊ महिन्यांनंतरचं मत आधीच सांगून टाकतो: जी जागा ज्याची त्याला नेमून दिली तिच्यावरून एकदाही तंटा झाला नाही. वाड्याची वाटणी झाल्यावर भांडणं विहिरीवरून आणि बोळावरून होतात, तसंच इथेही. त्रास दिला तो सामायिक राहिलेल्या गोष्टींनी: घड्याळ, सुरू होण्याचा क्रम आणि दोघांनी वापरायचं डेटाचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग). पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे.

आधी मापं. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, चोरी कुणी केलेली नाही. ईएसपी म्हणजे बूटच्या फाइल्सचं छोटं फॅट-३२ पार्टिशन, त्यामागे मायक्रोसॉफ्टचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, मग ४७४ जीबीची सी ड्राइव्ह आणि शेवटी रिकव्हरी, अशी मूळ मांडणी होती. तिची केली ती अशी: सी २०० जीबी, तिला लागून २४ जीबी मोकळी जागा, मग मिंटचं रूट (सिस्टिम आणि प्रोग्रॅम) ६०, होम (स्वतःच्या फाइल्स) ९०, आणि शेवटी डेटासाठी १०० जीबीचं एनटीएफएस (विंडोजची फाइल्स मांडण्याची पद्धत).

सीच्या लगेच उजवीकडे सोडलेली ती २४ जीबी फुकट गेलेली नाही. विंडोज कुठलंही पार्टिशन वाढवतं ते फक्त त्याला चिकटून उजवीकडे असलेल्या मोकळ्या जागेत. मध्ये दुसरं काही आलं की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं होऊन बसतं. विंडोजचं मोठं अपडेट आलं की जुनी सिस्टिम ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असते, आणि त्या दहा दिवसांत सी फुगते. तेव्हा ही मोकळी पट्टी हाताशी असावी.

सी लहान करण्याचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावं. खोक्यात आकडा एमबीमध्ये भरायचा असतो: २७४ जीबी सोडवायचे तर २७४ गुणिले १०२४, म्हणजे २,८०,५७६. इथे बहुतेकांची गाडी अडते. ड्राइव्हवर सत्तर जीबीच भरलेले असतात, तरी विंडोज म्हणतं की जेमतेम निम्मी जागाच सोडवता येईल. कारण काही फाइल्स चालू सिस्टिममध्ये हलवता येत नाहीत: हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन झोपवण्याची) फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसचा मास्टर फाइल टेबल (फाइल्सची यादी). यांतली एखादी डिस्कच्या मधोमध बसली असेल तर तिच्यापलीकडेच कापता येतं. नेमकी कोण अडवते आहे ते इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत फाइलच्या नावासकट लिहिलेलं असतं. ते न बघता लोक पैसे भरून बाहेरची सॉफ्टवेअर्स घेतात, याचं वाईट वाटतं. हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती शून्य करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, एकदा रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा ‘श्रिंक’ला हात घाला. काम झालं की पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका.

यातल्या कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी. सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी, आणि तो ड्राइव्ह वरच्या मजल्यावर ठेवावा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर बडोद्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) किंवा स्टोरेजची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी तिथून काढून कागदावर लिहून ठेवा, बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, आणि मगच पुढे जा. नव्याने केलेलं डेटाचं एनटीएफएस पार्टिशनही असंच नकळत एन्क्रिप्ट होऊ शकतं. मिंटमधून ते उघडताना पासवर्ड मागितला गेला, तर कारण बहुधा हेच.

मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी मोडवर (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) आहे. ते थेट एएचसीआयवर (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) टाकलं तर विंडोज उठत नाही. आधी एमएसकॉन्फिगमधून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावायचं, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करायचं, सेफ मोड एकदा उठू द्यायचा (तेवढ्यात विंडोज योग्य ड्रायव्हर पकडतं), आणि मग सेफ मोडची खूण काढायची.

इन्स्टॉल करताना ‘समथिंग एल्स’ निवडून पार्टिशनं हाताने नेमावीत. ‘विंडोजसोबत इन्स्टॉल करा’ हा पर्याय मापं स्वतःच ठरवतो, आणि वर केलेली सगळी मांडणी वाया जाते. ईएसपी नवी करायची गरज नाही. आहे तीच वापरायची, आणि तिच्यापुढे फॉरमॅटची खूण नाही ना हे दोनदा बघायचं. ती फॉरमॅट झाली की विंडोजचं दार बंद. जुनी १०० एमबीची ईएसपी मिंटला पुरते, कारण मिंट आपले कर्नल (सिस्टिमचा गाभा) रूटवर ठेवतं आणि ईएसपीवर काही एमबीच घेतं. कर्नल ईएसपीवरच ठेवणारं लिनक्स निवडलं, तर मात्र निदान ५०० एमबी हवेत. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वेगळं पार्टिशन केलं नाही, स्वॅप फाइल पुरेशी आहे. आणि हे सगळं चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना करावं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. पार्टिशन सरकत असताना लाइट गेली तर त्यातला डेटा गेलाच म्हणून समजा.

आता घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं. मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे: सकाळी दहाला घड्याळात साडेचार. नुसती वेळ चुकली तर कुणी लक्ष देत नाही, पण रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान विंडोज उघडलं तर तारीखही कालची दिसते. रिटर्नच्या शेवटच्या रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या हिशेबनिसासाठी ही थट्टेची गोष्ट नाही. टॅलीतल्या नोंदी आणि डिजिटल सहीवरची वेळ, दोन्हींवर याचा परिणाम होतो. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होते, पण लगेच होईल याची खात्री नसते. उपाय एका ओळीचा आहे: मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ वापरून मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगायचं. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात त्या देशांत याचा तोटा होतो. भारतात घड्याळ वर्षभर तेच, त्यामुळे इथे हा उपाय निर्धोक आहे. नऊ महिन्यांत पुन्हा फरक पडलेला नाही.

डेटाचं पार्टिशन हा सगळ्यांत नाजूक भाग. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि एनटीएफएसची मधली अवस्था आठवणीत धरून ठेवतं. तशात मिंटने त्या पार्टिशनवर लिहिलं, तर विंडोज उठल्यावर जुन्याच आठवणीवर पुढे लिहीत जातं. फाइल गायब होते, कधी फोल्डरच मोडतं. म्हणून मिंट अशा वेळी ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा मुळीच उघडत नाही. लोक याला मिंटची खोड समजून जबरदस्तीने उघडण्याचे मार्ग शोधतात. ते करू नका, मिंट तुमचा डेटा वाचवत असतं. हायबरनेशन पूर्ण बंद ठेवलं की फास्ट स्टार्टअपही जातं आणि रॅमच्या साधारण ४० टक्के मापाची हायबरनेशन फाइलही सीवरून जाते. मोठ्या अपडेटनंतर हे परत चालू झालेलं नाही ना ते बघावं. घाईत असाल तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून मिंटमध्ये जा, रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

इथे एनटीएफएसऐवजी एक्सफॅट घ्यावं असा सल्ला बरेचदा मिळतो. तो मानू नये. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, मध्येच मशीन बंद पडलं तर मोडतोड जास्त. एनटीएफएसमध्ये बिघाड झालाच तर विंडोजमधून ‘चेकडिस्क’ चालवा. लिनक्सचं ‘एनटीएफएसफिक्स’ जुजबी दुरुस्ती करून खूण पुसतं, पुढची तपासणी विंडोजलाच करावी लागते. आणि प्रोग्रॅमिंगचे प्रोजेक्ट या पार्टिशनवर ठेवू नका. परवानग्या नीट राहत नाहीत, गिटला (कोडमधले बदल नोंदणारं साधन) प्रत्येक फाइल बदललेली वाटू शकते. तिथे पीडीएफ, फोटो, एक्सेल एवढंच.

मराठी फाइलनावांची एक अडचण कुठे लिहिलेली सापडत नाही. एनटीएफएसवर नाव २५५ अक्षरांचं चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल मांडणीवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘सार्वजनिक गणेशोत्सव कार्यकारिणी सभा’ इथवरच मोकळ्या जागा धरून ३५ होतात. त्यापुढे वर्ष, ठिकाण, ‘इतिवृत्त अंतिम दुरुस्त प्रत’ असं लांबण लावणारी मंडळं आपल्याकडे पुष्कळ. अशी फाइल डेटाच्या पार्टिशनवर व्यवस्थित दिसते, पण होममध्ये कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. उलट बाजूने, मिंटमध्ये नावात विसर्गासारखा कोलन टाकून ठेवलेली फाइल विंडोजमध्ये उघडत नाही. टायपिंगचं सुख मात्र आहे: इन्स्क्रिप्ट मांडणी दोन्हीकडे तीच, मराठी आणि गुजराती दोन्ही जोडता येतात, बोटांना नवी सवय लावावी लागत नाही. श्री-लिपीतल्या पत्रिका युनिकोडमध्ये नसल्याने मिंटमध्ये अक्षरांचा काला दिसतो, त्या विंडोजमध्येच उघडाव्यात.

सुरू होण्याच्या क्रमाबद्दल. ग्रब म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा मेनू, तो डीफॉल्ट मिंटवर असतो. विंडोजचं मोठं अपडेट दोन-तीनदा स्वतःच रीस्टार्ट होतं, आणि समोर कुणी बसलेलं नसेल तर मधल्या रीस्टार्टला मशीन मिंटमध्ये जाऊन थांबतं, अपडेट अर्ध्यावर. ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ‘सेव्हड’ करून शेवटची निवड लक्षात ठेवायला लावलं की हे मिटतं. कधी अपडेटनंतर ग्रब येतच नाही, सरळ विंडोज सुरू होतं. तेव्हा बहुधा काही पुसलेलं नसतं, फर्मवेअरमधला क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन ‘उबुंटू’ नावाची नोंद वर आणा. मिंटची नोंद त्याच नावाने असते, ‘मिंट’ शोधत बसू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमधून जुने लिनक्स बूटलोडर बाद केले आणि अनेक दुहेरी मशीनवर लिनक्स सुरू होणं थांबलं, ते प्रकरण वेगळं. ते मे २०२५ मधल्या अपडेटने निस्तरलं. त्यातून घ्यायचं ते हे की ड्रॉवरमधला बचावाचा पेनड्राइव्ह ताज्या आवृत्तीचा असावा.

मापांत एक चूक झाली. रूट ६० जीबी कमी पडलं. फ्लॅटपॅकची ॲप्स, डॉकरच्या इमेजेस (प्रोग्रॅम चालवायचे तयार संच) आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या जुन्या प्रती) हे सगळं रूटवर साठतं, आणि शेजारी होममध्ये ५० जीबी रिकामे. मधली हद्द सरकवायची म्हणजे होमची सुरुवात हलवायची, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे ठेवायचा. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून तासन्‌तास, धोका पत्करून. ते टाळलं. टाइमशिफ्टला स्नॅपशॉट होमच्या पार्टिशनवर ठेवायला सांगितलं आणि रूट मोकळं झालं. नव्याने करायचं असेल तर होम वेगळं करू नका, रूट-होम मिळून १५० जीबीचं एकच पार्टिशन ठेवा.

मदरबोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट रिकामा असेल तर ही सगळी खटपट न करता सयाजीगंजातल्या दुकानातून दुसरी एसएसडी आणून मिंट तिच्यावर टाकावं, आणि त्या एसएसडीवर स्वतंत्र ईएसपी करावी. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, नाहीतर मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएसपीवर टाकून मोकळा होतो. या लॅपटॉपला एकच स्लॉट आहे, म्हणून वाटणी.