कंपनीचे लॅपटॉप वाय-फायला आपोआप जोडण्यासाठी पासवर्ड की सर्टिफिकेट?

विंडोज लॅपटॉप कार्यालयात उघडताच कंपनीच्या वाय-फायला आपोआप जोडला जावा, यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. पहिली पीईएपी-एमएसचॅप-व्ही२, तिच्यात कर्मचाऱ्याचे डोमेनचे (कंपनीच्या सामायिक खाते-व्यवस्थेचे) युजरनेम आणि पासवर्ड रेडियस सर्व्हरमार्फत, म्हणजे नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या सर्व्हरमार्फत, तपासले जातात. दुसरी ईएपी-टीएलएस, तिच्यात लॅपटॉपवर आधीच बसवलेल्या डिजिटल सर्टिफिकेटवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रावरून, ओळख पटते. सर्वांना मिळून एकच पासवर्ड देण्याचा मार्ग या तुलनेत घेतलेला नाही, कारण एक माणूस नोकरी सोडून गेला की तो पासवर्ड प्रत्येक यंत्रावर बदलावा लागतो.

पद्धत बदलण्याआधी दोष खरोखर ओळख पटण्याच्या टप्प्यावरच आहे, याची खात्री करून घ्यावी. लॅपटॉप डॉकला लावलेला असून इथरनेट (केबलची जोडणी) चालू असेल, तर एकाच वेळच्या जोडण्या मर्यादित ठेवणाऱ्या ग्रुप पॉलिसीमुळे (कंपनीने सर्व यंत्रांना लावलेल्या नियमामुळे) वाय-फाय मुद्दामच बंद ठेवले जाऊ शकते, आणि तक्रार मात्र बिघाडाची येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही कमांड चालवली, की मागील ३ दिवसांत लॅपटॉप कधी जोडला गेला, कधी तुटला आणि का तुटला, याचा अहवाल तयार होतो. रेडियससाठी मायक्रोसॉफ्टचा एनपीएस (नेटवर्क पॉलिसी सर्व्हर) वापरात असेल, तर नाकारलेली प्रत्येक विनंती सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमधील ६२७३ या क्रमांकाच्या नोंदीत सापडते. तिथे कारण-क्रमांक १६ दिसला तर युजरनेम-पासवर्ड जुळत नाहीत, आणि २२ दिसला तर लॅपटॉप व सर्व्हर यांच्या ईएपी पद्धतीचाच (ओळख पटवण्याच्या पद्धतीचा) मेळ बसलेला नाही, असे समजावे.

पासवर्डच्या पद्धतीची जमेची बाजू उघड आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) असलेल्या कंपनीत ती थोड्या वेळात उभी राहते, आणि लॅपटॉपवर वेगळे काही वाटावे लागत नाही. मात्र ‘आपोआप’ या एकाच कसोटीवर पाहिले, तर ती आज कमी पडते. कर्मचाऱ्याने पासवर्ड बदलला की त्याच्या फोनमध्ये साठवलेला जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवला जातो, खाते लॉक होते आणि निर्दोष लॅपटॉपही नेटवर्कबाहेर राहतो. वाय-फायचे प्रोफाइल (जोडणीच्या सेटिंगचा संच) केवळ युजरच्या ओळखीवर ठेवलेले असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर नेटवर्कच नसते आणि त्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला आत जाता येत नाही. अर्थात पीईएपीमध्येही कॉम्प्युटर अकाउंटने, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या डोमेन-खात्याने, ओळख पटवता येते, त्यामुळे हा दोष सेटिंग बदलून दूर होतो.

पुढची अडचण तशी दूर होत नाही. विंडोज ११ च्या २२एच२ पासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत, पात्र हार्डवेअर असलेल्या यंत्रांवर, क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपिते वेगळी, सुरक्षित ठेवणारी विंडोजची सोय) आपोआप चालू होतो, आणि तो चालू असताना एमएसचॅप-व्ही२ ला लॉगिनचा पासवर्ड परस्पर वापरता येत नाही. कर्मचाऱ्याला प्रत्येक सत्रात तो हाताने टाकावा लागतो. क्रेडेन्शियल गार्ड बंद करण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो, पण त्याने डोमेनच्या पासवर्डचे संरक्षण काढून घेतले जाते, तेही अशा पद्धतीसाठी जिची सुरक्षितता एका ५६-बिटी डीईएस किल्लीइतकीच (जुन्या, फोडता येणाऱ्या सांकेतिक किल्लीइतकीच) उरते, हे २०१२ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत दाखवले गेले आहे. हा उपाय मला समर्थनीय वाटत नाही.

सर्टिफिकेटच्या पद्धतीत हे सगळे प्रश्न उद्भवत नाहीत, कारण वाय-फायचा पासवर्डशी संबंधच राहत नाही आणि लॅपटॉप लॉगिनपूर्वीच जोडला जातो. तिची किंमत पुढे, नूतनीकरणाच्या वेळी मोजावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेट सर्व्हिसेसमधील नेहमीच्या वर्कस्टेशन टेम्पलेटवरून (साच्यावरून) दिलेल्या सर्टिफिकेटची मुदत १ वर्ष असते आणि मुदत संपण्याच्या ६ आठवडे आधी नूतनीकरण सुरू होते. पण तेवढ्या काळात व्हीपीएनविना घरूनच चालणारा लॅपटॉप सर्टिफिकेट सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, आणि कार्यालयात परतल्यावर त्याला प्रवेश मिळत नाही. अशा कंपन्यांनी इंट्यूनसारख्या, इंटरनेटवरून यंत्रे सांभाळणाऱ्या व्यवस्थेतून, इंटरनेटवरूनच सर्टिफिकेट मिळेल अशी सोय करावी. एनपीएस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: फेब्रुवारी २०२५ पासून डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती तपासणारे सर्व्हर) सर्टिफिकेट आणि खाते यांची पक्की सांगड मागतात, आणि ती नसलेली जुनी सर्टिफिकेटे मुदत शिल्लक असूनही नाकारली जाऊ शकतात.

एक धोका दोन्हीकडे सारखाच आहे. रेडियस सर्व्हरचे स्वतःचे सर्टिफिकेट वेगळ्या रूट सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या मूळ संस्थेकडून) घेतले आणि लॅपटॉपच्या प्रोफाइलमध्ये जुनाच रूट विश्वासार्ह म्हणून राहिला, तर सगळे लॅपटॉप एकाच सकाळी तुटतात. नवा रूट आधी सर्वत्र पोहोचवावा, मगच सर्व्हरवरचे सर्टिफिकेट बदलावे.

थोडे लॅपटॉप, विंडोजची प्रो आवृत्ती आणि एकच आयटी कर्मचारी असेल, तर कॉम्प्युटर अकाउंटची जोड देऊन पीईएपी काही काळ चालवणे समजण्यासारखे आहे. एंटरप्राइझ आवृत्ती असलेल्या कंपनीने मात्र ईएपी-टीएलएसच घ्यावे. रेडियसवर दोन्ही पद्धती एकदम चालू ठेवता येतात, म्हणून नवे प्रोफाइल एकेका विभागाला द्यावे, ६२७३ च्या नोंदी रोज पाहाव्यात आणि पीईएपीची शेवटची विनंती थांबल्यावरच ती पद्धत बंद करावी; तोवर, आणि त्यानंतरही, मुदत संपलेल्या लॅपटॉपसाठी काही यूएसबी-इथरनेट अ‍ॅडॅप्टर मदतकक्षात ठेवावेत, कारण आजच्या अनेक पातळ लॅपटॉपना केबलची खाचच नसते.