मामा नॅटली : पोटावर बांधायची लेबर रूम

नर्सिंगच्या मुलींना मी प्रसूतीशास्त्र शिकवते. आमच्या स्किल लॅबमध्ये सामान पुष्कळ आहे, पण माझा जीव आहे तो लेर्डल ग्लोबल हेल्थच्या मामा नॅटलीवर, म्हणजे बाळंतपणाचा सराव करायच्या साधनावर. लेर्डल ही नॉर्वेतली, एकेकाळी खेळणी बनवणारी कंपनी. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास द्यायचं तंत्र, शिकायची रिससी ॲन ही बाहुली १९६० मध्ये त्यांनीच आणली. मामा नॅटली मात्र टेबलावर निजवायची बाहुली नाही. ती ॲप्रनसारखी पोटावर बांधायची आणि बांधणारीनं स्वतः बाळंतीण व्हायचं.

आत बाळ, नाळ, वार, गर्भपिशवी आणि लाल पाण्याची टाकी. बाळ कधी पुढे सरकवायचं, अंगावरून किती जाऊ द्यायचं, पिशवी कडक करायची की सैल सोडायची, हे सगळं बांधणारीच्या हातात. कॉम्प्युटरचं काही काम नाही.

परवाच्या तासाला आमच्या एका स्टाफ सिस्टरनी ती बांधली होती. बाळ बाहेर आलं, विद्यार्थिनीनं मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची, म्हणजे गर्भपिशवी आकसवणाऱ्या औषधाची, १० युनिटं स्नायूत दिली, वरून पिशवीला आधार देत नाळ हळूहळू ओढून वार काढली. अगदी पुस्तकाबरहुकूम. मग सिस्टरनी पिशवी सैल सोडली आणि चादर लाल व्हायला लागली. मुलगी खाली मान घालून पोट चोळत राहिली, तोंडातून शब्द नाही. तेवढ्यात सिस्टर कण्हत म्हणाल्या, "ताई, डोळ्यांपुढं अंधारी येतेय." मुलीनं दचकून वर पाहिलं. "घाबरू नका, मी इथंच आहे. पिशवी आकसावी म्हणून चोळतेय, जरा दुखेल," आणि लगेच मागे वळून, "डॉक्टरांना बोलवा, सलाईन आणा!"

हे बोलणं कितीही महागडी बाहुली शिकवत नाही. समोर श्वास घेणारं, उत्तर देणारं माणूस लागतं. म्हणूनच लाखो रुपयांच्या कॉम्प्युटरवाल्या बाहुलीपेक्षा मी हिला वरचढ मानते.

दुसरा मोठा फायदा रक्ताच्या अंदाजाचा. टाकीत किती पाणी भरलं हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे मुलींना आधी नजरेनं अंदाज सांगायला लावायचा आणि मग मोजून दाखवायचं. ५०० मिलीच्या पुढे गेलं की धोका, हे सगळ्यांना पाठ असतं, पण डोळा नेहमी कमीच सांगतो. मी खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरते. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात अशा मापाच्या पिशवीनं रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले. तेव्हापासून ही पिशवी नसेल तर मी तास घेत नाही.

काही मर्यादाही आहेत. नाडी, बीपी बांधणारीनं तोंडी सांगायचं. टाके घालायच्या सरावाला आम्ही वेगळं मॉडेल घेतो. आणि खरी मेख अशी, की बांधणारी कच्ची असेल तर सगळा तास कच्चा. जिनं स्वतः लेबर रूममध्ये रात्री काढल्या आहेत तिलाच बांधायला सांगा, कळा कशा येतात आणि बाई कधी गप्प होते हे तिला माहीत असतं.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. अशी साधनं कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायची, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. मुलींच्या हातात ती गेलीच नाहीत, तर पहिला रक्तस्राव त्या खऱ्या बाईवरच पाहणार.

घेणार असाल तर निओ नॅटली हे बाळ आणि त्याला श्वास द्यायची बॅग-मास्क सोबत मिळतात का, ते आधी विचारा. त्या बाळात पाणी भरलं की खऱ्या बाळासारखं वजन येतं, आणि मास्क नीट बसला, मान योग्य ठेवली तरच छाती वर येते. आई आणि बाळ दोघांचं एकदम बिघडलं तर कुणी कुणाला पाहायचं, याचा सराव दोन्ही असल्याशिवाय होत नाही.