बरणीतली सुगंधी मेणबत्ती: कोणती घ्यावी आणि कोणती दुकानातच ठेवावी

दिवाळीच्या प्रत्येक प्रदर्शनात सुगंधी मेणबत्त्यांचं एक तरी टेबल असतंच. काचेच्या बरण्या, कटिंग चहाचे ग्लास, टिनचे डबे, करवंट्या, मोदकाच्या आकाराचं मेण. नाकाजवळ नेलं की सगळंच आवडतं. पण थंड मेणाला छान वास येतो म्हणून पेटल्यावर खोलीभर तो दरवळेलच असं नाही. सुगंध पसरतो तो मुख्यतः वातीभोवती वितळलेल्या मेणाच्या थारोळ्यातून. ज्योतीपर्यंत पोचलेलं अत्तर तर जळूनच जातं. म्हणून वासाआधी भांडं आणि वात बघावी.

आमची पसंती सरळ उभ्या भिंतीच्या, जाड तळाच्या काचेच्या बरणीला. रुंदी सात-साडेसात सेंमी, मेण २०० ग्रॅमच्या आसपास, एकच सुती वात आणि घट्ट बसणारं झाकण. वात बरोबर मधोमध हवी. ती अर्धा सेंमी जरी सरकलेली असेल, तर एका बाजूची काच तापत राहते आणि दुसऱ्या बाजूला मेणाची भिंत तशीच उभी राहते. बरणी दहा सेंमीहून रुंद असेल तर एक वात पुरत नाही, दोन-तीन लागतात. टिनचा डबाही चांगला, तडकत नाही. फक्त तो चांगलाच तापतो, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवायचा.

कटिंगचा ग्लास दिसतो गोड, पण ती काच तासन्‌तास ज्योतीशेजारी राहण्यासाठी केलेली नसते, आणि तळाशी अरुंद असल्यानं शेवटी ज्योत भिंतीच्या फार जवळ येते. घेऊ नये. करवंटीही नको: मेण खाली गेलं की करवंटी स्वतःच पेट घेऊ शकते. वर सुकी फुलं, दालचिनी किंवा कॉफीच्या बिया रोवलेल्या असतील तर पेटवण्याआधी सगळ्या काढून टाका. मेण शोषून त्या दुसरी वात होतात. बबल (फुगीर गोळ्यांच्या ठोकळ्यासारखी, भांड्याविना मेणबत्ती) आणि मोदक शोभेला ठेवा. पेटवायचेच असतील तर खोल ताटलीत, कारण मेण चहूकडून ओघळतं.

लेबलवरच्या ‘सोया’ या शब्दावर फार भाळू नका. अनेकदा ते पॅराफिन मिसळलेलं मेण असतं, आणि शुद्ध सोया असलं तरी वात लांब ठेवली की काजळी धरतेच. सोयाच्या पृष्ठभागावर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी दिसते, ती मेणाचे स्फटिक. माल खराब नसतो. हे मेण लवकर मऊ होतं, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात कुरिअरनं मागवणं टाळा.

खोक्यावरच्या तासांचाही हिशोब करावा. साडेसात सेंमी बरणीत वात ताशी साधारण ५ ते ७ ग्रॅम मेण खाते. २०० ग्रॅमला ‘४० तास’ लिहिलेलं असतं ते ताशी ५ ग्रॅम धरून आणि अगदी तळापर्यंत जाळून. पण तळाशी १२ मिलिमीटर मेण उरलं की थांबायचं असतं, नाहीतर तळाची काच तापून तडकते. एवढ्या बरणीत ते जवळपास ५० ग्रॅम भरतं. म्हणजे हाती येतात ते २० ते ३० तास. खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जाळण्याआधी आणि मेण गार झाल्यावर बरणी तोलून बघा.

पहिली खेप सर्वांत महत्त्वाची. मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवायची नाही. दर अडीच सेंमी रुंदीला साधारण एक तास, म्हणजे या बरणीला तीन तास. वीज गेली म्हणून नवी मेणबत्ती पंधरा मिनिटं पेटवली की मध्ये खड्डा पडतो, पुढच्या वेळीही मेण तिथंच वितळतं आणि वात बोगद्यात बुडत जाते. तसं झालंच तर तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल बसवा, मधे तीनेक सेंमीचं भोक ठेवा आणि अर्धा-पाऊण तास जळू द्या. तोवर जवळून हलायचं नाही, आणि फॉइल गार झाल्यावरच काढायचं.

आपल्याकडे खरा घोटाळा होतो तो पंख्यानं. छताचा पंखा चालू असला की ज्योत फडफडते, जळण अपुरं होतं, एका बाजूला काजळी चढते आणि मेण तिरकं उतरतं. पंखा बंद, एसीचा झोत दूर, खिडकी किंचित उघडी. पडदा, पुस्तकं, वरचं शेल्फ ३० सेंमीच्या आत नको. खोलीत कुणी नसेल तर विझवलीच पाहिजे. घरात कुणाला दमा असेल तर सुगंधी मेणबत्ती न आणलेलीच बरी.

दर खेपेला पेटवण्याआधी, मेण थंड असताना, वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापायची. टोकावर काळी गाठ दिसली तर तीही छाटायची, आणि तुकडा मेणात पडू द्यायचा नाही. त्यासाठी वेगळी कात्री विकतात. बरणी खोल असेल तरच घ्या, एरवी नेलकटर पुरतो. सलग चार तासांहून जास्त जाळू नका. गाठ वाढते, ज्योत उंच होते, काच तापते. बरणी हलवायची ती मेण घट्ट झाल्यावरच.

विझवताना फुंकर मारली की धूर होतो आणि गरम मेण उडतं. चमच्याच्या दांड्यानं वात मेणात बुडवून पुन्हा सरळ करा. धूर जवळजवळ होत नाही. किंवा झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका, मेण उसळतं आणि काच फुटते.

उरलेलं मेण फेकायचं नाही. बरणी पूर्ण गार झाल्यावर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली की मेण सुटतं. मेण वितळवणाऱ्या बर्नरच्या वाटीत ते आणखी काही संध्याकाळी पुरतं. बरणी आधी वर्तमानपत्रानं पुसा, मगच साबणानं धुवा. वितळलेलं मेण बेसिनमध्ये ओतलं तर पाइपात गोठून बसतं, आणि मग प्लंबर बोलवावा लागतो.