पुन्हा पहिल्या तुकडीपासून : ६ मिलिमीटरमधली असई, काही महिन्यांच्या वापरानंतर

२८ मिलिमीटर मापाच्या छोट्या सैनिकांचा माझा जवळजवळ सगळा संग्रह विकून मी गेल्या हिवाळ्यात वॉरगेमिंगची, म्हणजे टेबलावर असे सैनिक मांडून लढाया खेळण्याची, नव्याने सुरुवात केली आणि या वेळी ६ मिलिमीटरचे धातूचे सैनिक निवडले. इंग्लंडमध्ये जुन्या मिनिएचर विकणे अवघड नाही. प्रदर्शनांतल्या ‘ब्रिंग अँड बाय’ (जुने सामान विकण्याच्या) टेबलांवर रंगवलेल्या तुकड्यांना गिऱ्हाईक मिळते, आणि सैनिकांचे न रंगवलेले सुटे भाग असलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी तर त्याहून लवकर जातात. त्यानंतर काय घ्यायचे, हा प्रश्न मात्र अधिक अवघड होता. काही महिने रंगकाम करून आणि त्यावर सतत खेळून झाल्यावर, ज्यांना असाच नवा डाव मांडायचा आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो आहे.

मी प्रथम कंपनी किंवा नियमपुस्तक निवडले नाही, लढाई निवडली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची गाठ पडली. वेलस्लीकडे दोन गोऱ्या आणि पाच मद्रासी अशा सात पलटणी आणि घोडदळाच्या चार रेजिमेंट होत्या. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी, बेगम समरूच्या पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंचे घोडदळ. एकच लढाई ठरवल्यामुळे खरेदीची यादी आपोआप बंदिस्त होते. ‘हेही छान दिसते, घेऊन टाकू’ या वृत्तीला वावच राहत नाही, आणि संग्रहाचा पसारा नेमका त्याच वृत्तीतून वाढत असतो.

मापाचा निर्णयही लढाईनेच केला. २८ मिलिमीटरमध्ये चोवीस सैनिकांची पलटण दोन रांगांत उभी केली की तिची रुंदी सुमारे २४ सेंटिमीटर होते; पोलमनच्या बाजूच्या पंधरा-सोळा पलटणी एका ओळीत लावायच्या तर पावणेचार मीटरचे टेबल लागेल, आणि तेवढे टेबल माझ्या घरात सोडाच, बहुतेक क्लबांतही नसते. ६ मिलिमीटरमध्ये ६० बाय ३० मिलिमीटरच्या एका बेसवर, म्हणजे सैनिक चिकटवायच्या पातळ तुकड्यावर, तेवढेच चोवीस सैनिक बसतात. एक बेस म्हणजे एक पलटण. बेस आडवा ठेवला तर फळी, उभा ठेवला तर कॉलम, म्हणजे कूच करणारी अरुंद, लांब रांग. सगळी मराठा फळी एका मीटरच्या आत येते आणि नेहमीचे जेवणाचे टेबल पुरते.

नियम ‘ब्लॅक पावडर’ या नियमपुस्तकाचे वापरतो, पण इंचांऐवजी सेंटिमीटर मोजतो. पायदळाची चाल १२, बंदुकीचा पल्ला १८. या पद्धतीत सेनापती आधी हुकूम उच्चारतो, मग दोन फासे टाकतो. बेरीज त्याच्या पात्रतेच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली तर हुकूम पाळला जातो, आणि जितकी कमी तितक्या अधिक, म्हणजे तीनपर्यंत चाली मिळतात. असईसाठी ही रचना फार चपखल आहे. वेलस्लीच्या वाटाड्यांनी जवळपास नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, नसल्याचे सांगितले होते. पण नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर दिसल्यावर उतार असणारच असा त्याने तर्क केला आणि केळणा नदी ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. पोलमनने तेव्हा आपली सगळी फळी काटकोनात फिरवली, आणि ती इतक्या शिस्तीत फिरली की वेलस्लीचा बगलेवरून मारा करण्याचा बेत फसला. टेबलावर हा पालट साधायचा तर पोलमनचे फासे चांगले पडावे लागतात. ते पडले की इंग्रजी बाजू खेळणाऱ्याचा चेहरा उतरतो. न पडले तर तोफा एका दिशेला आणि शत्रू दुसऱ्या दिशेला, अशी त्रेधा उडते. चोवीस-चोवीस मोठ्या सैनिकांच्या तीन-चार पलटणींनी हे दृश्य कधीच उभे राहिले नसते, आणि माझ्या मते ६ मिलिमीटरचे सगळे समर्थन या एका चालीत आहे.

रंगकामाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज येथे असतो. सैनिक चारचारच्या पट्ट्यांत ओतलेले येतात. पट्ट्या साबणाच्या पाण्यात धुऊन, धातूचे कंगोरे कानशीने काढून, आइस्क्रीमच्या काड्यांवर दोन-दोन चिकटवल्या की हातात धरणे सोपे होते. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, पांढरा किंवा फिकट राखी असावा. काळ्या प्रायमरवर २८ मिलिमीटरचा सैनिक उठून दिसतो, पण या मापात तो दोन फुटांवरून काजळीचा ठिपका वाटतो. त्याच कारणाने लाल कोट खऱ्यापेक्षा भडक, पांढरे पट्टे खऱ्यापेक्षा रुंद आणि चेहरे खऱ्यापेक्षा उजळ रंगवावे लागतात. डोळे, बटणे, बोटे यांचा विचार सोडून द्यावा. कॉन्ट्रास्टसारखे पातळ, खाचांत आपोआप गडद होणारे रंग घोड्यांसाठी उत्तम चालतात; लाल कोटांसाठी मला साधा अ‍ॅक्रिलिक आणि वरून हलका तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) हेच अधिक बरे वाटले.

नेमके १८०३ चे मराठे या मापात मला एकत्र मिळाले नाहीत. शिलेदारांसाठी सतराव्या शतकातल्या तुर्की सैन्याचे घोडेस्वार घेतले, आणि पगड्या-अंगरख्यांचे रंग बदलल्यावर ते हाताच्या अंतरावरून पुरेसे पटतात. मोठ्या मापात अशी हातचलाखी जाणकाराच्या नजरेतून सुटली नसती. कवायती पलटणींचा प्रश्न त्याहून सोपा होता, कारण त्यांचा पोशाख आणि कवायत युरोपीय वळणाची होती.

तक्रारी आहेत. ज्या विक्रेत्याकडून २ मिलिमीटर जाडीचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस घेतले, ते पातळ केलेला पीव्हीए (पांढरा) गोंद आणि वाळू लावताच कडांकडून वर उचलले गेले. आता खालच्या बाजूलाही तोच गोंद फासतो किंवा ३ मिलिमीटरचे बेस घेतो, आणि दोन्ही उपाय चालतात. बेसखाली लावलेली चुंबकी पट्टी मात्र टिकली. पत्र्याच्या ट्रेमध्ये अख्खे सैन्य जागच्या जागी राहते आणि एका बॉक्स फाइलमध्ये मावते. दुसरी तक्रार ओळखीची. टेबलावर आल्यावर कोणती पलटण कोणती हे कळत नाही, म्हणून प्रत्येक बेसच्या मागच्या कडेवर मी देवनागरीत नावे चिकटवली आहेत. क्लबातल्या इंग्रज मित्रांना ती वाचता येत नाहीत, त्यामुळे शत्रूची कोणती तुकडी कसलेली आणि कोणती कच्ची हे त्यांना खरोखरच ठाऊक नसते. हा फायदा ठरवून घेतलेला नव्हता, पण सोडणारही नाही.

या मापातला खरा तोटा वेगळा आहे. २८ मिलिमीटरमध्ये एक सरदार आठवडाभर रंगवण्यात जे सुख असते, ते येथे नाही. ज्यांना एकेका मिनिएचरचा चेहरा, पागोट्याचा पीळ, शेल्याची नक्षी रंगवायला आवडते त्यांनी हे माप घेऊ नये, ते कंटाळतील. माझ्यासाठी मी मिनिएचर बनवणाऱ्या पेरी बंधूंचे काही जुने घोडेस्वार मागे ठेवले आहेत ते याचसाठी. शिवाय क्लबात बहुतेकांकडे २८ मिलिमीटरच असते, म्हणून दोन्ही बाजूंचे सैन्य, नदी, गाव, मातीच्या भिंती हे सगळे स्वतःच तयार करावे लागते. खर्च मात्र त्यामुळे वाढला नाही. दोन्ही सैन्ये मिळूनही जुन्या संग्रहाच्या एका सैन्याइतके पैसे लागले नाहीत.

घोडदळाच्या संख्येबाबत माझे मत अजून बदलते आहे. शिंदे-भोसल्यांचे सगळे घोडदळ प्रमाणात मांडले तर टेबल त्यानेच भरते, आणि प्रत्यक्ष लढाईत त्याचा भाग फार मर्यादित होता. म्हणून मी सध्या मोजक्या बेसवर भागवतो आणि त्यांच्या सेनापतीच्या पात्रतेचा आकडा कमी ठेवतो. खरी कसोटी तोफांची आहे. वेलस्लीचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ जणांची हानी झाली, आणि इंग्रजांच्या ७४ व्या रेजिमेंटची असई गावासमोर जी वाताहत झाली ती मुख्यतः तोफांनी आणि त्यामागोमाग आलेल्या घोडेस्वारांनी केली. मराठा तोफांना नेहमीचे आकडे दिले तर डाव इंग्रजांकडे फार सहज झुकतो, म्हणून जवळच्या माऱ्यासाठी त्यांना एक फासा वाढवून दिला आहे.

पुढची खरेदी थोडीच आहे : तोफा ओढणारे बैल, दोन हत्ती आणि भोसल्यांच्या पायदळासाठी काही पट्ट्या. एवढ्यात त्याच वर्षीची २९ नोव्हेंबरची अडगावची लढाई याच टेबलावर, याच बेसवर मांडता येते.