निळ्या लेसरचा ‘सेफ करंट’ विक्रेत्याला विचारू नका

लेसर डायोड विकणाऱ्याला गिऱ्हाईक फसवायला एक आकडा पुरतो: ‘सेफ करंट’. वॅट किती, लेन्स कुठली, यावर लोक चार प्रश्न विचारतात. करंट किती ठेवायचा ते मात्र विक्रेता सांगेल तेच धरून चालतात. माझे पैसे तिथेच गेले. घरी एनग्रेव्हिंग मशीन बांधणाऱ्या पोरांच्या हातात तसलीच मॉड्यूल अजून पडताहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मला नावाच्या लाकडी पाट्या कोरायला निळा लेसर हवा होता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तांब्याच्या ठोकळ्यात डायोड बसवलेलं मॉड्यूल, त्याला ठरावीक करंट पुरवणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर, आणि हिरवा चष्मा असा संच मिळत होता. जाहिरातीत 445 नॅनोमीटर, 5 वॅट. मी डेटाशीट, म्हणजे डायोड बनवणाऱ्या कंपनीचा आकड्यांचा तक्ता, मागितली. त्याने लगेच पाठवली, तीही नावाजलेल्या कंपनीची अस्सल. तिच्यात करंट 3 अ‍ॅम्पियर होता. फोनवर तो म्हणाला, “सर, 3 पर्यंत चालतो, पण आम्ही ड्रायव्हर 2 वरच सेट करून देतो. बिनधास्त चालवा.” दोन संच मागवले. लेसर डायोड जोडण्याआधी ड्रायव्हरला त्याच्या जागी डमी लोड लावला: 3 अ‍ॅम्पियरचे तीन साधे डायोड एकापुढे एक आणि शेवटी 1 ओहमचा, 10 वॅटचा रेझिस्टर. रेझिस्टरवर जितके व्होल्ट, तितके अ‍ॅम्पियर. मल्टिमीटरने 2 दाखवले. बोलल्याप्रमाणेच.

मेख इथेच होती. डेटाशीट खरी, ड्रायव्हरचा आकडा खरा, पण ठोकळ्यातला डायोड त्या डेटाशीटचा नव्हता. 2010 च्या सुमारास कॅसिओच्या प्रोजेक्टरमधून काढलेले निळे डायोड हौशी लोकांपर्यंत पोहोचले, तेव्हापासून या बाजारात सुटे, काढलेले, वापरलेले डायोड फिरतात. ठोकळ्यात दाबून बसवल्यावर मागच्या पायांखेरीज काही दिसत नाही. लहान डायोड मोठ्याच्या नावाने खपवायला याहून सोयीचं वेष्टन नाही.

पहिला डायोड पाटी कोरता कोरता गेला. गेला म्हणजे विझला नाही. फिकट निळा उजेड येत राहिला, ड्रायव्हर तेवढाच करंट देत राहिला, पण लाकडावर साधा डागही उमटेना. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “सर, स्टॅटिकने गेला असणार, त्याची वॉरंटी नसते.” स्टॅटिकने, म्हणजे हाताच्या स्पर्शाने बसणाऱ्या स्थिर विजेच्या झटक्याने, निळे डायोड खरंच जातात, त्यामुळे हे उत्तर खोडून काढणं अवघड असतं, आणि ते त्यालाही पक्कं ठाऊक असतं.

म्हणून दुसरा संच एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत नेला. तिथे लेसरचा प्रकाश किती वॅट ते मोजणारं थर्मल पॉवर मीटर आहे. करंट शून्यापासून थोडा थोडा वाढवत प्रकाश मोजला. साधारण 0.2 अ‍ॅम्पियरला लेसर सुरू झाला, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. तिथून पुढे आलेख सरळ रेषेत चढला: 1 अ‍ॅम्पियरला जेमतेम 1.1 वॅट, 1.4 ला 1.6. मग रेषा वाकायला लागली. 1.8 ला 2 च्या वर जायला हवी होती, ती 1.85 वरच अडकली. तिथे थांबलो. 5 वॅट हा डायोड कधीच देणार नव्हता. मग 5 आले कुठून? 1.2 अ‍ॅम्पियरला डायोडवर 4.3 व्होल्ट होते. गुणाकार करा: 5.16. तो प्रकाश नव्हे, डायोड खातो ती वीज. प्रकाश त्याच्या जवळपास चौथा हिस्सा, उरलेली सगळी उष्णता. बाजारातल्या ‘20 वॅट’, ‘40 वॅट’ मॉड्यूलच्या जाहिरातींमध्ये हीच चलाखी सर्रास चालते. ऑप्टिकल पॉवर, म्हणजे बाहेर पडणारा प्रकाश, किती वॅट, असं लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

जास्त करंटवर डायोड मरतो कसा, हे कळलं की विक्रेत्याचा डाव कळतो. स्फटिकाचं टोक हाच लेसरचा आरसा, आणि प्रकाश बाहेर पडतो ती जागा काही मायक्रॉनची. तिथे प्रकाश प्रमाणाबाहेर दाटला की पृष्ठभाग थोडा प्रकाश शोषतो, तापतो, तापल्यामुळे आणखी शोषतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आरसा वितळतो. तोवर डायोड झकास जळजळीत चालतो. काडी पेटवून दाखवण्याचा व्हिडिओ त्याच वेळात काढलेला असतो. उद्याचं आयुष्य आज जाळून तो तुम्हाला वॅट विकतो.

करंट ठरवताना डेटाशीटमधला ‘ऑपरेटिंग’ रकाना बघा, ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ नव्हे. आकडा अखंड चालवण्याचा आहे की पल्सचा, म्हणजे क्षणभर चालू-बंद करत चालवण्याचा, हेही वाचा. डीव्हीडी रायटरच्या लाल डायोडना पल्सचा आकडा लावून सतत चालवायला सांगणारे विक्रेते आहेत. शिवाय डेटाशीटचे आकडे बहुधा डायोडचं धातूचं कवच 25 अंशांवर धरून दिलेले असतात. मे महिन्यात नागपूरला पत्र्याच्या खोलीत ठोकळा कुठे पोहोचेल, ते बघा. तापमान चढलं की थ्रेशोल्ड चढतो, प्रकाश कमी होतो, लोक करंट वाढवतात, ठोकळा आणखी तापतो. फॅन आणि हीटसिंक आधी, करंट नंतर. डायोडची ओळखच पटत नसेल तर आलेख काढा, पण शेवटापर्यंत जाऊ नका. काही डायोड रेषा वाकायच्या आधीच जातात. माझा उरलेला डायोड मी 1 अ‍ॅम्पियरवरच चालवतो. पाट्या सावकाश निघतात, पण निघतात.

ड्रायव्हरच्या आउटपुटला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर चालू ड्रायव्हरला डायोड कधीही जोडू नका. भरलेला कपॅसिटर क्षणात रिकामा होतो आणि डायोड घेऊन जातो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर, तक्रार केली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाठवलेली डेटाशीट, यूपीआयची पावती आणि मोजणीचा आलेख जोडला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, तेव्हा जुना व्यवहार असेल तरी कागद फेकू नका.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट, जिच्यामुळे मला पैशांपेक्षा जास्त संताप आला: तो हिरवा चष्मा. बंद खोक्यात, अगदी कमी प्रकाशात त्याची काच सोलर सेलपुढे धरून मोजली, तर जवळपास दहावा हिस्सा प्रकाश आरपार जात होता. दीड वॅटचा दहावा हिस्सा 150 मिलीवॅट. 5 मिलीवॅटच्या पॉइंटरकडेसुद्धा थेट बघू नये म्हणतात, हे त्याच्या तीसपट. अर्ध्या वॅटच्या वर लेसर चौथ्या श्रेणीत जातो, तिथे लाकडावरून विखुरलेला प्रकाशही डोळ्यांना धोक्याचा. ज्यांच्याकडे असा संच आला आहे, त्यांनी आज मशीनचा प्लग काढून ठेवावा. 445 नॅनोमीटरसाठी ओडी (काच किती प्रकाश अडवते त्याचा आकडा) 4 किंवा जास्त लिहिलेला, प्रमाणपत्र असलेला नारिंगी चष्मा येईपर्यंत तो परत लावू नये, आणि मशीनच्या खोलीत लहान मुलं येत असतील तर दाराला कडी हवी.