ट्रॅस्टुझुमॅब ४४० मिलीग्रॅम: सतरा खेपांनंतरचं माझं मत

पाचपैकी चार तारे. बायकोच्या स्तनाच्या कर्करोगावर हे इंजेक्शन लागलं, भारतीय बनावटीचं घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

मी निवृत्त वायरमन. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा मला चटकन उमगलं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, असतात. दोन रिसेप्टर जोडीनं जुळले की आत निरोप जातो: वाढ, एकाचे दोन हो. बाकीच्या रिसेप्टरना जुळायला बाहेरून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप्या, येऊन चिकटावा लागतो. एचईआर-२ नावाच्या रिसेप्टरला तोही लागत नाही. हिच्या स्तनातल्या गाठीत १७ व्या गुणसूत्रावरच्या एचईआर-२ च्या जीनच्या प्रती भलत्याच वाढल्या होत्या आणि रिसेप्टर दाटीवाटीनं उभे. झोळ पडलेल्या तारा वाऱ्यानं एकमेकींना लागतात ना, तसे ते आपसांतच जुळत होते. औषध त्या रिसेप्टरला बाहेरून धरून बसतं, जोडी जुळू देत नाही आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशींनाही बोलावतं. अमेरिकेत हे १९९८ मध्ये आलं, भारतीय कंपनीचं २०१४ मध्ये.

पण आधी तपासणी नीट करा. आमचा एचईआर-२ चा पहिला रिपोर्ट '२+' आला, म्हणजे ना धड हो, ना धड नाही. लॅबवाल्यानं पुढं काय करायचं ते सांगितलंच नाही. जीनच्या प्रती मोजणारी 'फिश' तपासणी करायला हवी हे डॉक्टरांकडून कळलं, त्यात बारा दिवस गेले. एचईआर-२ जीन आणि १७ वं गुणसूत्र यांच्या प्रतींचं गुणोत्तर आलं ५.१. दोनच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह.

आता पैशांचं. हिचं वजन ६० किलो. पहिला डोस किलोला ८ मिलीग्रॅम, म्हणजे ४८०. पुढचे दर २१ दिवसांनी किलोला ६, म्हणजे ३६०. खोक्यात पावडरची बाटली आणि सोबत विरघळवायचं खास पाणी असतं. त्याच पाण्यात विरघळवलं तर औषध फ्रीजमध्ये २८ दिवस टिकतं, साध्या पाण्यात नाही. म्हणजे पहिल्या दोन खेपा दोनच बाटल्यांत भागतात! दुसऱ्या खेपेला सिस्टर उरलेलं टाकून द्यायला निघाल्या होत्या. "अहो ताई, थांबा, तारीख बघा," म्हणालो. पुढं बाटलीवर नाव आणि तारीख मीच चिकटवायला लागलो. बाटली हलवायची नाही, अलगद फिरवायची. फेस आला की बसेपर्यंत थांबायचं. छापील किमतीवर जाऊ नका, दोन-तीन मेडिकलांत विचारा, फरक मोठा पडतो.

पहिल्या खेपेला दीड तास सलाईन, आणि मधेच ही थंडीनं कुडकुडायला लागली. दोन चादरी घातल्या, औषध दिलं, तासाभरात उतरलं. नंतर अर्ध्या तासात काम व्हायचं. दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र चुकवू नका, हे औषध हृदयावर जातं. हिचं ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ६२ वरून ५४ झालं होतं. डॉक्टरांनी डोस थांबवला नाही, पण पुढची इको लवकर करून घेतली. ते ५८ निघालं.

कापलेला तारा मेडिकलवाल्याचा. थर्माकोलच्या डब्यात त्यानं बाटली सरळ बर्फावर ठेवली होती. हे औषध गोठलं की वाया. एसटीत तासगावपर्यंत डबा मांडीवर धरून बसलो होतो. शेवटी बाटली काढून हिनं पदरात गुंडाळली आणि मग परत डब्यात ठेवली.